माळ जयरामचा, मोह जनीचे

तुमच्या बंगल्याच्या कुंपणात मोहाचं झाड आहे का? असेल तर ते तुमचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

"प्लॉटबरोबर आलं" असं म्हणू नका. प्लॉटबरोबर नळ येतो, मीटर येतो, गेटवरचा वॉचमन येतो. मोह येत नाही. निदान आमच्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांत, येत नव्हता. जमीन एकाची आणि तिच्यावरचा मोह दुसऱ्याचा, ही आमच्याकडची रोजची गोष्ट. खाचरं कुणब्याची असतील, पण माळावरचा मोह ठाकरवाडीतल्या कुठल्या तरी घराचा असायचा. सासूनं सुनेला नेऊन दाखवायचं, हा आपला, तो त्यांचा, संपलं. चैत्रात उजाडताना फुलं गळतात. त्या घरच्या बायका येऊन वेचतात आणि जमीनवाला आपल्याच जमिनीतून जरा वळसा घेऊन जातो, फुलांवर पाय पडू नये म्हणून.

"झाड माझंच" असं ज्यानं तुम्हाला सांगितलं, त्या माणसाबद्दल लिहितेय. जयराम धाऊ गोजर. नाव टाकू का, असं मी विचारलं नाही. त्यानंच टाकायला लावलं. ते पुढं येईल.

जयराम म्हणजे आवाज. अंगानं बेताचा, साठीला टेकलेला, पण हनुमान जयंतीला नारळाचा लिलाव पुकारायला लागला की पलीकडच्या वाडीतली म्हातारी माणसं घरात बसून बोली ऐकायची. माईक दिला तर रागवायचा. "माईक त्याला द्या, ज्याला आईनं नरडं दिलं नाय."

बांधाचं भांडण लागलं की लोक आधी त्याला बोलवायचे. तलाठी नंतर. जयराम यायचा, चप्पल काढून बांधावर उभा राहायचा आणि सांगायचा, हितं तुझ्या आज्यानं बोर लावली व्हती, ती तुझ्या बापानं तोडली, मुळी अजून हाय, खणून दावू का? खणायची वेळ कधी आली नाही. एक जण दरसाल बांध सरकवायचा. त्याला जयराम सगळ्यांसमोर म्हणाला, "इतभर इतभर सरकतोयस. असाच सरकत राह्यलास तं कल्याणला पोचशील रे, पास काढाया नको." लोक हसले आणि भांडण तिथंच मोडलं. त्याच्या शब्दावर लोकांनी जमिनी सोडल्यात. माझ्यासारखी भांडखोर बाई मनात कुणालाही लवकर मोठं म्हणत नाही, पण जयरामदादाला म्हणायची.

त्याचा एक माळ होता. खडकाळ, उताराचा. नाचणी कशीबशी व्हायची, बाकी गवत. त्या माळावर मोहाची पाच झाडं, आणि ती जनीची. जनी म्हणजे खालच्या ठाकरवाडीतली म्हातारी. नवरा कधीच गेला, लेक वीटभट्टीवर. तिच्या सासूचे ते मोह, त्याआधी सासूच्या सासूचे. जनी उन्हाळाभर मोह वेचायची, अंगणात वाळवायची, त्यातला काही खायचा, काही व्यापाऱ्याला घालायचा. तिचा पावसाळा त्याच्यावर निघायचा. आणि दरसाल पहिला वाळलेला मोह सुपात घालून जयरामच्या घरी द्यायची. वानवळा. माळ तुमचा, म्हणून. जयरामची बायको ताराबाई सूप रिकामं करून त्यात मूठभर तांदूळ टाकून परत द्यायची. सूप रिकामं परत जात नाही.

हा माळ जयरामनं विकला. अडचण कसलीच नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सगळेच विकत होते. स्लॅबचं घर झालं, मुलाला, विपुलला, गाडी झाली. त्यात चूक काय? ज्याची जमीन त्यानं विकली. पण एजंटनं विचारलं, "झाडं कुणाची?" तेव्हा जयराम म्हणाला, "माझीच."

हा एक शब्द त्यानं का उच्चारला, हे मी पुढं त्याला दहा वेळा विचारलं. दहाही वेळा एकच उत्तर. "मला वाटलं, मोह काय कोन विकत घेतो? माळ ग्येला तरी जनी येचनारच. वारा विकतो का आपण? तसं."

खरं सांगायचं तर आमच्याकडं कुणालाही तसंच वाटलं असतं. जमीन विकताना तिच्यावरची पायवाट विकली जाते, ओढ्याचं पाणी विकलं जातं, मोह विकला जातो, हे इथल्या माणसाच्या डोक्यात बसतच नाही. कुंपण पडेपर्यंत. पण "माझीच" हा शब्द तोंडातून गेला, तो गेला. दुसऱ्यांच्या बांधावर उभा राहून खरं सांगणारा माणूस स्वतःच्या माळावर उभा राहून खोटं बोलला, आणि ते त्याला तेव्हाच कळलं असणार. नाहीतर त्या दिवसापासून तो खालच्या वाडीची वाट सोडून लांबून कशाला जायला लागला?

जाळीचं कुंपण पडलं. आत रस्ते, दिवे, बंगले. त्या चैत्रात जनी टोपली घेऊन गेली तर वॉचमननं परतवून लावलं. दुसऱ्या दिवशी ती ओढ्याजवळच्या फटीतून आत शिरली. वेचून टोपली भरत आली होती, तेवढ्यात वॉचमननं टोपलीला लाथ मारली. सगळी फुलं मातीत. जनीनं वाकून ती परत गोळा केली. तो उभा राहून बघत होता. हे मला जनीनं नाही सांगितलं. त्या वॉचमननंच बढाई म्हणून चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि ते माझ्यापर्यंत आलं.

कोपऱ्यातल्या एका मोहाची एक फांदी कुंपणाबाहेर, रस्त्यावर येते. त्या फांदीखाली, गाड्यांच्या चाकांमधून, जनीनं त्या वर्षी वेचलं ते वेचलं. पुढं काय झालं ते ताराबाईनं सांगितलं.

"उंबऱ्यावर सूप ठिवून बसली. येवढासा मोह, तळ बी झाकला नव्हता. मी म्हनलं, जनीबाय, आता क्याला गो? माळ नाय राह्यला आमचा. तं म्हनते, माळ नाय, घर तं तुमचंच ना. आन हे? हे मागल्या दारानं उठून गोठ्यात जाऊन बसले. बैल कवाच विकले. गोठ्यात काय शेन मोजत व्हते?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"सुपात तांदूळ घातले. लाजंनं जास्तच घातले. तर तिनं मूठभर ठिवले आन बाकीचे परत वतले. म्हनाली, नेहमीचं तेवढंच द्या."

यंदा आम्ही ठरवलं. मुरबाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला प्रणित आमच्या संघटनेत आहे. तो फोनवर एक व्हिडिओ घेऊन आला. तिकडं पॅलेस्टाईनमध्ये शेतकऱ्यांच्या जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागांवर इस्रायली वसाहतवाले येतात, मारतात, झाडं तोडतात. म्हणून फळांच्या दिवसांत कुठून कुठून माणसं येऊन त्या शेतकऱ्यांबरोबर फळं उतरवतात. भाषण नाही, काही नाही. नुसतं शेजारी उभं राहून हात चालवायचा. माणसं बघितली की मारणारा जरा थबकतो. कधी थबकत पण नाही.

मी तो व्हिडिओ जनीला दाखवला. तिनं फोन लांब धरून नीट बघितला.

"ही फळं काठीनं पाडतात का गो?"

"हो, काठीनं. खाली कापड अंथरतात."

"मंग त्यांचं कठीण. आपला मोह सोताच टाकतोय." मग म्हणाली, "आन ह्यांना बी येऊ देत नायत?"

"नाही."

"तिकडं बी," एवढंच म्हणाली, आणि फोन परत दिला.

शहापूरहून दोन शिक्षक आले. तानशाकडच्या दोघी बायका, कॉलेजची काही पोरं, प्रणित आणि मी. घोषणा नाही, फलक नाही, हे मीच सांगितलं होतं. माझ्या तोंडून हे ऐकून पोरं हसली, कारण घोषणा नसली की माझा घसा दुखतो. पहिल्या सकाळी ओढ्याजवळून आत गेलो. एवढी माणसं बघून वॉचमन लांबच उभे राहिले. त्यातला एक शेजारच्या वाडीतला. तो आभाळाकडं बघत राहिला. फुलं पांढरट, रसरशीत, वास असा की डोकं जड होतं. सूर्य वर यायच्या आत टोपल्या भरल्या. जनी कुणाला काही शिकवत नव्हती, काही मागत नव्हती. मधूनच म्हणायची, "बसून येचा रं, कंबर मोडंल." बस.

दुसऱ्या सकाळी एक जण उशिरा आला. डोक्यावरून तोंडावर फडका गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे. चालण्यावरनं मी ओळखलं. सगळ्यांनीच ओळखलं. जयराम. कुणाशी न बोलता येऊन कडेच्या मोहाखाली बसला आणि वेचायला लागला.

मला राग आवरत नाही. मी म्हणाले, "काय जयरामशेठ, विकून झालं, आता वेचायला आलात? पैसे मोजून हात दुखले नाहीत वाटतं!"

प्रणित हसला. पोरं हसली. एरवी अशा बोलण्यावर जयरामनं मला तिथल्या तिथं गाडलं असतं. आज मान खाली, हात चालू. जन्मभर त्या माळाचा मालक, पण मोह त्यानं कधी वेचलेला नव्हता. चांगली, सडलेली, मुंगळे लागलेली, सगळी फुलं एकाच टोपलीत टाकत होता.

जनीनं त्याच्याकडं स्वतःची टोपली सरकवली. मला म्हणाली, "राहू दे गो. हात हायत ना, चालू दे."

तिसऱ्या सकाळी मॅनेजर आला. नवा माणूस, या कामावर आताच लागलेला. बरोबर सगळे वॉचमन, मागं बंगल्यांतली चार माणसं, सकाळच्या फिरायच्या कपड्यांत. एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणत होती, या वासानं डास येतात. मी भांडायच्या तयारीनं उठले. पण हा मॅनेजर आवाज चढवणारा नव्हता.

"ताई, मी पण गावचाच आहे, साताऱ्याकडचा. मला या आजींना अडवायची हौस नाही. पण मला वरती उत्तर द्यावं लागतं. आमच्या साहेबांचं म्हणणं, ज्यानं जागा विकली त्यानं स्वतः सांगितलं की झाडं त्याची. बरोबर? मग तुम्ही त्या माणसाला आणा. त्यानं इथं उभं राहून माझ्यासमोर एकदा म्हणावं, की झाडं या आजींची होती, मी चुकीचं बोललो. मी साहेबांना तसं कळवतो आणि चैत्रात सकाळी गेट उघडं ठेवतो. माझा शब्द. आहे तो माणूस?"

फुलं पडायचा आवाज येत होता, टप, टप.

तो माणूस माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक वाक्य पाहिजे होतं. बांधावर उभं राहून त्यानं अशी शेकडो वाक्यं लोकांसाठी म्हटली होती. मी त्याच्याकडं बघत राहिले. फडक्याच्या वर त्याचे डोळे होते, ते टोपलीत.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात जनीनं माझं मनगट धरलं.

"तो नाय आला," ती मॅनेजरला म्हणाली.

मॅनेजरची नजर फिरत फिरत कडेच्या मोहाखाली थांबली. "आणि हे कोण? तोंड का बांधलंय?"

"तो माझा भाव हाय," जनी म्हणाली. "मुका हाय बिचारा. येचाया मदत करतोय."

मॅनेजरनं जयरामकडं बघून जरा दयेनं मान हलवली. मुक्या माणसाकडं बघून हलवतात तशी. आणि जयरामनं, देवा, जयरामनं पण मान हलवली. हो म्हणून.

मग आम्हाला बाहेर काढलं. धक्काबुक्की नाही, शिवी नाही. "आजचं तुम्ही घेऊन जा, उद्यापासून नको," असं चांगल्या शब्दांत सांगून काढलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मारल्यावर निदान आपण बरोबर आहोत असं वाटतं.

ओढ्यातून येताना जयराम आमच्या पुढं निघाला आणि वळणावर दिसेनासा झाला. मी जनीवर भडकले. "कशाला वाचवलंत त्याला? एक वाक्य बोलला असता तर तुमचे मोह परत मिळाले असते!"

"त्याच्या पोराची गाडी हाय ना तिकडं," ती म्हणाली. बंगल्यांतल्या पाहुण्यांना कल्याण स्टेशनवरनं आणायला विपुलची गाडी लावलेली, हे मलाही माहीत होतं. "बाप बोलला असता तं पोराची गाडी बंद झाली असती."

"म्हणून तुमचा मोह जाऊ द्यायचा?"

जनी थांबली. टोपली डोक्यावर तशीच. "तो बोलनार नव्हता गो. मला दिसत व्हतं. मंग येवढ्या लोकांत तो गप बसलेला बघायचा का मी? मी त्याला लिलाव पुकारताना ऐकलाय."

एक गोष्ट लिहायला नको वाटते: तो बोलला नाही, पण आम्ही सगळे पण बोललो नाही. बारा-पंधरा माणसं, त्यात मी. जनीनं माझं मनगट धरलं होतं, खरं आहे. पण त्या म्हातारीच्या हातात असा काय जोर होता?

उरलेला चैत्र कुंपणातले मोह गळत राहिले. बंगल्यांचा माळी सकाळी फुलं पालापाचोळ्याबरोबर झाडून ढीग करायचा आणि पेटवायचा. जळक्या मोहाचा गोड धूर खालच्या वाडीपर्यंत यायचा. जनी रस्त्यावरच्या फांदीखाली बसलेली दिसायची. मी तिकडनं जाताना एस.टी.च्या दुसऱ्या बाजूला बसायचे.

पावसाआधी शेजारच्या गावात बांधाचं भांडण लागलं. जयरामला बोलवायला माणसं आली. त्यानं दारातूनच सांगितलं, "दुसरा कोन बघा." ती माणसं समजली, तब्येत बरी नसेल.

मग एक दिवस टोकावड्याच्या स्टँडवर तो मला गाठायलाच आला. चहा सांगितला, घेतला नाही.

"बाय, तू लिवतेस ना पेपरात, पुस्तकात?"

"लिहिते. तुमचं काय त्यात?"

"माझं लिव. नावासकट लिव. माळ माझा व्हता, मोह जनीचे. मी खोटं बोललो."

मी उसळलेच. "तोंडानं सांगायला लाज वाटते आणि माझ्याकडनं लिहून घेताय? मॅनेजर तुमच्यासमोर उभा होता, तेव्हा मुके झालात!"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. मला वाटलं, आता तरी हा माझ्यावर ओरडेल. ओरडायला हवा होता.

"व्हय," तो म्हणाला. "लाज वाटते. मी मुका नाय झालो, तिनं मला मुका क्येला. ती तसं बोलली नसती तं मी काय केलं असतं, म्हायती हाय तुला? मला म्हायती हाय. मी उठून पळालो असतो." मग एस.टी.च्या पाटीकडं बघत म्हणाला, "घरात सांगितलं. इपुल बोलला, बाबा, गाडीचा हप्ता कोन भरंल? ही बोलली, भरू कसा बी. दोघं भांडतात. मी गोठ्यात बसतो."

"पुढच्या चैत्रात बोलाल? गेटवर, त्या माणसासमोर?"

"म्हायती नाय."

"हे काय उत्तर झालं?"

"खरं उत्तर हाय. एकदा खोटं दिलं ना, आता खरंच देतो. एकट्यानं उभा राह्यलो तं पाय टिकतील का, म्हायती नाय. शेजारी कोन असंल," त्यानं माझ्याकडं बघितलं, पण मला म्हणून नाही, "चार मानसं अशी असतील, जी हसनार नायत, तं बोलेन."

जी हसणार नाहीत. मी त्याला शेठ म्हणाले होते तेव्हा पोरं हसली होती, आणि मला ते हसू आवडलं होतं.

म्हणून लिहिलं. नावासकट. आता तुम्हाला सांगते. येत्या चैत्रात, मोह गळायला लागले की मी कळवेन. मुरबाडहून टोकावड्याला या, उजाडायच्या आत जनीच्या वाडीवर या. वेचायला आम्ही पुरेसे आहोत. तुम्ही गेटपाशी जयराम गोजरच्या शेजारी उभे राहा, तो बोलेपर्यंत उभे राहा, आणि त्याला बोलायला वेळ लागला तर कृपा करून हसू नका.